डोळ्यात मांस वाढलंय: थांबायचं की काढायचं, आणि काढायचं तर कसं?

नाकाकडच्या कोपऱ्यातून काळ्या बुबुळावर सरकत येणारा मांसाचा त्रिकोणी पडदा म्हणजे टेरिजियम. वर्षानुवर्षं ऊन, वारा, धूळ डोळ्यांवर घेणाऱ्या शेतकऱ्यांत आणि मच्छीमारांत तो जास्त दिसतो.

पडदा जेमतेम 1 मिलिमीटर आत आलाय, वाढत नाही, अधूनमधून लाल होतो, एवढंच असेल तर थांबा. गॉगल, रुंद काठाची टोपी आणि कोरडेपणाचे थेंब पुरतात. तो 2-3 मिलिमीटर आत शिरला की बुबुळाची गोलाई आडवी सपाट व्हायला लागते आणि चष्म्याचा सिलिंडर नंबर, म्हणजे असमान गोलाईमुळे लागणारा नंबर, चढतो. दर तपासणीला हा नंबर वाढत असेल तर ऑपरेशन करून घ्या. पडदा बाहुलीपर्यंत पोचायची वाट तर मुळीच बघू नका. तो काढला तरी खाली धूसर डाग उरतो, आणि डाग बाहुलीसमोर असला की नजर पूर्ण साफ होत नाही.

आता पद्धती. नुसतं मांस काढून जागा उघडी सोडणं झटपट आणि स्वस्त, पण वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा वाढण्याचं प्रमाण 25 टक्क्यांपासून 80 टक्क्यांच्याही पुढे गेलेलं आहे. परत आलेलं मांस जास्त चिवट असतं. हा पर्याय मी सोडूनच देईन.

त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालचा पातळ पापुद्रा काढून त्या जागी बसवणं, म्हणजे ऑटोग्राफ्ट, हा बहुतेकांसाठी उत्तम मार्ग. नेत्रतज्ज्ञ केन्यन आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये याचे निकाल मांडले, तेव्हा पुन्हा वाढ 5 टक्क्यांच्या आसपास होती. पापुद्रा टाक्यांनी बसवला तर घट्ट राहतो, पण टाके काही दिवस चांगलेच खुपतात. फायब्रिन ग्लूने, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांपासून बनवलेल्या वैद्यकीय डिंकाने, वेळ वाचतो, टोचणी कमी होते, पुन्हा वाढही कमी दिसते. खर्च मात्र वाढतो. रुग्णाच्याच रक्ताने चिकटवणं स्वस्त, पण पापुद्रा सरकण्याची भीती जास्त. परवडत असेल तर ग्लू घ्या. पहिल्या आठवड्यात पापुद्रा फुगलेला, लालभडक दिसतो. घाबरू नका, फक्त डोळा चोळू नका.

पापुद्र्याऐवजी गर्भवेष्टनाचा, म्हणजे गर्भाभोवतीच्या पिशवीचा, पडदा लावल्यास पुन्हा वाढ ऑटोग्राफ्टपेक्षा जास्त होते. पुढे काचबिंदूचं ऑपरेशन लागणार असेल आणि वरचा पापुद्रा राखायचा असेल, तेव्हा गर्भवेष्टनाचा पडदा कामाला येतो.

मोतीबिंदूही असेल तर बहुधा मांस आधी काढतात. नंतर बुबुळाची गोलाई स्थिरावायला एक ते तीन महिने लागतात. त्याआधी लेन्सचं माप घेतलं तर ते चुकू शकतं. नवा चष्माही तोवर करू नका.

स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे चालतात. ते मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका, कारण त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो. पुन्हा वाढ होणार असेल तर ती बहुतेक पहिल्या वर्षातच दिसते, तेव्हा वर्षभराच्या तपासण्या चुकवू नका.