विशीतला डाव, चाळिशीतला डाव
कॉलेजात असताना कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीवर आम्ही 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची आणि अवघड काम जमलं का ते फासा टाकून ठरवायचं, असा हा खेळ. खेळ १९७४ चा, जोश आमचा! दार दिसलं की लाथ, राक्षस दिसला की तलवार. वीस बाजूंच्या फाशावर २० पडले की खोली डोक्यावर घ्यायचो. कुणाची पातळी वाढली, कुणाला कुठलं शस्त्र मिळालं, एवढाच हिशेब.

आता चाळिशीत रंकाळ्याजवळ मित्राच्या घरी बसतो. परवा दोन तास खेळातल्या एका म्हाताऱ्या नावाड्याशी बोलण्यातच गेले. त्याचा मुलगा परत का आला नाही, हे काढून घेताना फासा दोनदाच टाकला. चहा गार झाला, पण कुणी उठलं नाही. शेवटी माझं पात्र खजिना सोडून त्याच्याजवळ थांबलं.

मला आताचाच डाव जास्त आवडतो. तेव्हा नियम मात्र तोंडपाठ असायचे, ते आजही हवे होते.