तिच्यासाठी केंद्र निवडताना: फक्त बायकांचं की सगळ्यांचं?

मावसबहिणीसाठी व्यसनमुक्ती केंद्र शोधताना मी फोनवर आधी एकच विचारायचे, "बायकांना घेता का?" एका ठिकाणी म्हणाले, "घेतो की, वेगळी खोली आहे." पण वेगळी खोली म्हणजे वेगळा उपचार नव्हे. तिला तिथे ठेवलं, तर समुपदेशनाच्या गटात वीस पुरुष आणि ही एकटी. पुरुष बायकोला मारल्याच्या आठवणी सांगून रडायचे, आणि मार खाऊन आलेली ही ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत बसायची. बोलायची पाळी आली की नाव सांगायची, बस.

बहुतेक केंद्रं पुरुषांना धरून उभी राहिली, त्याला कारण आहे. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणारे पुरुष 27.3 टक्के, तर बायका 1.6 टक्के निघाल्या. पुण्याचं मुक्तांगण 1986 साली सुरू झालं. तिथला 'निशिगंध' हा बायकांचा स्वतंत्र विभाग यायला 2009 उजाडलं.

मग बायकांचं केंद्र सरसकट चांगलं का? अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ शेली ग्रीनफील्ड यांनी फक्त बायकांचे आणि मिश्र असे दोन्ही प्रकारचे गट ताडून पाहिले. 2007 च्या छोट्या अभ्यासात उपचार संपल्यानंतरच्या सहा महिन्यांत बायकांच्या गटाची प्रगती जास्त टिकली. 2014 च्या मोठ्या अभ्यासात मात्र दोन्ही गटांत दारू सारखीच कमी झाली. म्हणजे मिश्र केंद्रात बाई बरी होत नाही, असं अजिबात नाही.

माझं मत विचाराल तर, नवऱ्याची मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा मुलांबद्दलचा अपराधीपणा या व्यसनाला चिकटलेला असेल, तर लांब पडलं तरी बायकांचंच केंद्र बघा. या गोष्टी पुरुषांसमोर निघत नाहीत आणि आत राहिल्या की पुन्हा प्यायला लावतात. असं काही नसेल, घरी लहान मूल असेल, आठवड्याला भेटायला जाणं गरजेचं असेल, तर जवळचं मिश्र केंद्र चालेल. मात्र गटात आणखी दोन-चार बायका हव्यात आणि समुपदेशक बाई मिळायला हवी. रात्रपाळीला बाई कर्मचारी असते का, हेही स्पष्ट विचारा. उत्तर देताना अडखळले तर तिथे ठेवू नका.

रोज भरपूर पिणारीची दारू एकदम तुटली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. अशा वेळी बायकांचं की मिश्र हा विचार बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर असलेलं जवळचं हॉस्पिटल गाठा. कुठे जायचं कळत नसेल तर 14446 या सरकारी हेल्पलाइनवर विचारता येतं.

बहिणीला आम्ही शेवटी बायकांच्या केंद्रात हलवलं. सहा तासांचा प्रवास होता. चौथ्या दिवशी ती गटात पाऊण तास बोलली. आता ती दर शनिवारी गावातल्या व्यसनमुक्तीच्या मिश्र मीटिंगला जाते. तिथे बायका दोनच आहेत, पण बोलायची पाळी आली की ती नावावर थांबत नाही.