कागदी मॉडेलचा छापील कागद कार्डशीटवर चिकटवायला कोणता गोंद?

सुरकुत्या पडतात त्या हात कच्चा म्हणून नाही, गोंदातल्या पाण्यामुळे. ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) छापील कागद पाणी पिऊन पसरतो, खालची २५० जीएसएमची कार्डशीट तेवढी पसरत नाही, आणि जास्तीचा कागद लाट होऊन वर येतो. वाळताना तोच कागद आक्रसतो आणि शीट त्याच्या बाजूला वळते. म्हणून गोंद किती घट्ट धरतो यापेक्षा त्यात पाणी किती, हे आधी बघा.

पांढरा फेव्हिकॉल बहुतेकांच्या घरी असतोच. पातळ केला की पसरायला सोपा, पण सुरकुत्याही तितक्याच वाढतात. तो तसाच घ्या, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ओढून अगदी पातळ थर करा. गोंद कार्डशीटला लावायचा, छापील कागदाला नाही. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पंखा चालू असेल तर ए-४ पानाचं दुसरं टोक गाठेपर्यंत पहिल्या टोकावर साय धरते, तिथे कागद चिकटत नाही आणि नंतर फुगा राहतो. पंखा बंद करून सकाळी लवकर बसा. मग दोन्ही बाजूंना कोरा कागद ठेवून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा.

मैद्याची खळ स्वस्त. दोन चमचे मैदा, एक कप पाणी, गाठी मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. वाळायला वेळ घेते, त्यामुळे कागद सरकवून जागेवर आणता येतो. पण पाणी सगळ्यात जास्त, वाळल्यावर कडक; घडीवर तडकते. भिंती, पाया अशा जाड पुठ्ठ्याच्या सपाट भागांनाच वापरा आणि पुठ्ठ्याच्या मागेही तसाच कागद लावा, नाहीतर पुठ्ठा पुरीसारखा वाकतो.

ग्लू स्टिक लहान भागांपुरती ठीक. मोठ्या पानावर कडा सुटतात.

चपलांना लावतात त्या पिवळसर रबरी गोंदात पाणी नसतं, त्यामुळे कागद फुगतच नाही. मोठ्या पानाला माझी पसंती यालाच. कागद आणि कार्डशीट दोन्हींना पातळ थर, बोटाला चिकटेनासा झाला की जोडायचं. मात्र एकदा टेकला की सरकत नाही. त्यामुळे मध्ये एक कोरा कागद ठेवा, एक कड जुळवून दाबा आणि मधला कागद हळूहळू ओढत पुढे सरका. जाड थर कागदातून डाग उठवतो. वाफा पेट घेतात. खिडकी उघडी, गॅस बंद, आणि पोरांच्या हाती द्यायचा नाही.

स्प्रे गोंदही कोरडाच आणि सफाईदार, पण महाग, आणि फवारा फरशीभर उडतो.

कोणताही गोंद घ्या, कागद आणि कार्डशीटची ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, एकच हवी. शीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा: जिकडे सहज गोल होते, तिथे होणाऱ्या नळीच्या लांबीबरोबर ग्रेन. दौलताबादच्या चांदमिनारसारखा गोल भाग करताना ग्रेन उभी ठेवा. आडवी राहिली तर गोलाई येत नाही, कोपरे पडतात.

इंकजेटची शाई ओल्या गोंदाने पसरू शकते. लेझर प्रिंटला तो त्रास नाही. भाग कापायचे ते चिकटवून, पूर्ण वाळल्यावरच.