व्हीआरचॅटमध्ये हृदयाचे ठोके: घड्याळ की छातीचा पट्टा?

व्हीआरचॅट म्हणजे आभासी जगात लोकांना भेटायचं ॲप; तिथे माझ्या अवताराच्या, म्हणजे माझ्या आभासी रूपाच्या, छातीवर हृदयाच्या ठोक्यांचा लाल आकडा दिसतो. तो आणायचे दोन्ही मार्ग मी दादरच्या घरी वापरलेत.

घड्याळ मनगटावर असतंच, वेगळा खर्च नाही. पण ॲपल वॉचचे ठोके कॉम्प्युटरवर थेट येत नाहीत. घड्याळातलं ॲप ते पल्सॉइडसारख्या सेवेला इंटरनेटवरून पाठवतं, तिथून ते कॉम्प्युटरवर उतरतात आणि ओएससीमार्फत (एका ॲपमधून दुसऱ्या ॲपला माहिती द्यायची पद्धत) ९००० क्रमांकाच्या पोर्टवरून व्हीआरचॅटमध्ये शिरतात. पावसात नेट अडखळलं की आकडा गोठतो. शिवाय घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्तप्रवाहावरून ठोके मोजतं; कंट्रोलर धरून नाचताना ते हललं की मोजणी भरकटते. एकदा व्हीआरचॅटमधल्या भुताच्या वर्ल्डमध्ये (आभासी ठिकाणी) मी जोरात किंचाळले, तर मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझे तर ७२च आहेत!" आकडा ११०वर गेला तोवर भूत निघून गेलं होतं.

पोलर एच१०सारखा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो आणि ब्लूटूथवरून थेट कॉम्प्युटरला देतो. मध्ये इंटरनेट नाही, म्हणून दचकलं की आकडा लगेच हलतो. त्याचे इलेक्ट्रोड ओलसर लागतात. मे महिन्यातल्या मुंबईत ती सोय घामच करतो! मात्र दोन-तीन तासांनी तो काचतो, आणि पैसे वेगळे मोजावे लागतात.

नुसत्या गप्पांना घड्याळ पुरतं. नाचायला, घाबरायला मी पट्टाच बांधते. दोन्हीकडे आकडा लपवायचं बटण अवतारात आधी बसवून घ्या. अनोळखी घोळक्यात आपली धडधड सगळ्यांना कशाला दाखवायची?