पाण्यातलं पॉलियुरेथेन: कार्बॉक्सिलेट, सल्फोनेट की कॅटायनिक?

पॉलियुरेथेन म्हणजे कोटिंग आणि चिकटद्रव्यांत वापरलं जाणारं पॉलिमर; त्याचं आणि पाण्याचं मुळात जमत नाही. रेणूंच्या साखळीवर विद्युतभार असलेले गट (कार्बॉक्सिलेट आणि सल्फोनेट ऋणभाराचे, कॅटायनिक धनभाराचे) बसवले की त्याचे बारीक कण पाण्यात टिकतात. अडचण अशी, की हाच भार वाळलेल्या थरातही पाणी ओढतो. म्हणून डबा किती महिने टिकतो यापेक्षा थर वाळल्यावर त्या गटाचं काय होतं, हे मी आधी बघतो.

लाकडाच्या कोटिंगसाठी सर्वांत रुळलेला पर्याय कार्बॉक्सिलेट. त्यासाठी डीएमपीए (डायमिथायलॉल प्रोपिऑनिक अ‍ॅसिड, साखळीत आम्लगट आणणारा घटक) वापरतात, साधारण ४ ते ६ टक्के. १ टक्का डीएमपीएमागे आम्लांक (आम्लगटांचं प्रमाण दाखवणारा आकडा) सुमारे ४.२ ने वाढतो; म्हणजे ५ टक्क्यांना २१. प्रमाण वाढवलं की कण बारीक होतात, दुधाळ माल निळसर पारदर्शकतेकडे झुकतो, दाटपणा वाढतो. थरही कडक होतो, पण कमी ताणला जातो आणि पाण्यात जास्त फुगतो. पारदर्शक दिसतो म्हणून माल भारी, हा समज सोडलेला बरा.

आम्लगटाचं उदासीनीकरण (अल्कली घालून त्यावर भार आणणं) कशाने केलंय, हेही विचारा. ट्रायइथिलअमाइन हे अमाइन ८९ अंशांना उकळतं. वाळताना बरंचसं उडून जातं, गट पुन्हा आम्लरूपात येतो आणि थर पाण्याला चांगला टिकतो. वास मात्र सोसावा लागतो. कॉस्टिक सोड्याला वास नाही, पण सोडियम थरातच राहतं. कार्बॉक्सिलेटची मोठी सोय म्हणजे कार्बोडायइमाइड किंवा अझिरिडीन हे जोडणारे घटक घालून त्याच गटांवर साखळ्या एकमेकींना जोडत जाळं विणता येतं. दुखणं एकच: पीएच आम्लाकडे गेला किंवा बोअरचं जड पाणी पडलं, की माल फाटतो.

तिथे सल्फोनेट सरस. आम्ल तीव्र असल्याने पीएच उतरला तरी भार टिकतो, थोड्या गटांत काम भागतं आणि घनभाग (पाणी वगळून उरणारा भाग) ५० टक्क्यांपर्यंत नेता येतो. बुटांच्या तळव्यांच्या चिकटद्रव्यात हा प्रकार चालतो तो यामुळेच. पण गट मीठ म्हणून थरात कायम राहतो आणि त्यावर जाळंही विणता येत नाही. जाळ्यासाठी आयसोसायनेट हा जोडणारा घटक वेगळा घालावा लागतो.

कॅटायनिक मी फक्त चामड्यासाठी सुचवेन. रंग आणि फॅटलिकर (चामडं मऊ करणारी तेलं) दिल्यानंतर चामड्याच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, त्याला धनभाराचा बेसकोट घट्ट धरतो. मात्र ती टाकी, पंप, स्प्रेगन नीट धुतल्याशिवाय अ‍ॅनायनिक (ऋणभाराचा) माल ओतू नका. दोघांची गाठ पडली की दही झालंच म्हणून समजा.

भाररहित पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा प्रकार मीठ, आम्ल, गारठा सगळं सोसतो, पण थर पाणी पितो. एकट्याने घेऊ नये. कार्बॉक्सिलेटसोबत थोडा असला तर हरकत नाही.

फर्निचरवर ओला पेला ठेवला जाणार असेल, तर माझी पसंती कमी डीएमपीए, अमाइन आणि कार्बोडायइमाइड यांना.