सनस्क्रीन म्हणून विकलेली ती पांढरी डबी

पहिल्या आठ दिवसांत माझ्या चेहऱ्यावरचे पिंपल्स जवळजवळ गेले. शंका यायला हवी होती ती तेव्हाच. पण बारा वर्षं पिंपल्स असलेल्या मुलीला तेव्हा शंका येत नाही, आनंद होतो.

मी जळगावची. पीक विम्याच्या पाहणीसाठी रावेर-यावल भागातल्या केळीच्या बागा हिंडायच्या, हे माझं काम. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. सकाळी आठला स्कूटीवर निघाले की दहापर्यंत घाम, तेल, धूळ आणि सनस्क्रीन सगळं मिळून डोळ्यांत उतरायचं. मेडिकलमधून आणलेली दोन सनस्क्रीन वापरून झाली होती. एक इतकं जाड होतं की चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसायचा. दुसऱ्याने हनुवटीवर बारीक पुळ्या उठल्या. न लावावं तर पिंपल्सचे डाग उन्हाने आणखी काळे पडत.

मार्चमध्ये भुवया करायला नेहमीच्या पार्लरमध्ये गेले होते. ताईंनी चेहरा निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, ही मेडिकलची क्रीम्स तेलकट चेहऱ्याला चालतच नाहीत. माझ्याकडे खास ऑइली स्किनचं सनस्क्रीन आहे. ऊनही लागणार नाही, पिंपल्सही जातील आणि रंगही खुलेल." पांढरी प्लास्टिकची डबी, वर हिरव्या पानाचं चित्र, 'हर्बल', 'एसपीएफ ९०', 'पीए' आणि पुढे चार अधिकची चिन्हं, म्हणजे क्रीम ऊन किती अडवतं याची मापं. ३० ग्रॅमचे ६५० रुपये. मी फोनवरून पैसे दिले, बिल मागितलं नाही. ताईंकडे मी कॉलेजपासून जाते, त्यांच्याकडे बिल काय मागायचं, असं वाटलं.

क्रीम हलकं होतं, चेहऱ्यावर लगेच जिरायचं. आठवड्यात पुळ्या बसल्या, महिन्याभरात रंग उजळला. ऑफिसमध्ये सगळे विचारू लागले. मावसबहीण पुण्यात हॉस्टेलवर राहते, तिलाही पिंपल्सचा त्रास. मी दुसरी डबी घेतली आणि तिला पाठवून दिली. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच आहे.

जूनमध्ये मामाकडे लग्नासाठी धुळ्याला गेले आणि डबी घरी राहिली. चौथ्या दिवशी गाल तापल्यासारखे झाले. सहाव्या दिवशी, हळदीच्या सकाळी, दोन्ही गाल आणि हनुवटी लालबुंद, आणि त्यावर सगळे एकाच आकाराचे दाणे. गॅससमोर उभं राहवेना. साधं पाणी लागलं तरी झोंबायचं. मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्वचेतली घाण बाहेर पडतेय, घाबरू नको. मध्येच बंद केलंस ना, म्हणून झालं. परत लाव." घरी येऊन लावलं आणि दोन दिवसांत चेहरा शांत झाला. माझा विश्वास आणखी पक्का झाला. नेमकी इथेच माणसं अडकतात, कारण ज्या क्रीमने चेहरा बिघडवला तेच त्यावरचं औषध वाटायला लागतं.

पुढे दोनदा असंच झालं, आणि दर वेळी आधीपेक्षा वाईट. शेवटी आई मला ओढत त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. मॅडमनी 'काय लावतेस' हे नंतर विचारलं. आधी विचारलं, "किती महिने लावतेस?" मग भिंगातून गाल पाहिले. बारीक लाल रक्तवाहिन्या दिसत होत्या, गालांवर पूर्वी नव्हती अशी लव आली होती. त्या म्हणाल्या, "डबीत नेमकं काय आहे ते प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय सांगता येणार नाही. पण हा चेहरा स्टिरॉइडचा आहे." असे चेहरे त्यांच्याकडे इतके येतात की डॉक्टर मंडळींनी त्याला 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस', म्हणजे वरून लावलेल्या स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा, असं नावच दिलंय.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइड औषधं वाईट नाहीत, काही त्वचारोगांवर ती लागतातच. ती सूज आणि लाली दाबतात, रंगही फिका करतात. म्हणून पुळ्या गेल्यासारख्या वाटतात. पण चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली तर त्वचा पातळ होते, आणि थांबवली की दाबलेलं सगळं उसळून वर येतं. म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, ठरलेले दिवसच लावायची असतात. मला मात्र ती रोज लावायचं सनस्क्रीन म्हणून विकली गेली, असं मॅडमचं म्हणणं पडलं.

सनस्क्रीनचं काम ऊन अडवणं, एवढंच. त्याने आठ दिवसांत पिंपल्स जात नाहीत आणि माणूस गोरा होत नाही. 'एसपीएफ ९०' च्या आकड्यालाही मी भुलले होते. एसपीएफ ३० नीट लावलं तर उन्हातली त्वचा भाजणारी यूव्हीबी किरणं साधारण ९७ टक्के अडतात आणि ५० ने ९८ टक्के. त्यापुढे फारसा फरक उरत नाही. फरक पडतो तो किती लावतो आणि परत कधी लावतो याने. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि उन्हात असू तर दर दोन तासांनी पुन्हा. मी वाटाण्याएवढं लावून दिवसभर फिरायचे.

माझी त्वचा शांत व्हायला पाच महिने लागले. सुरुवातीला मॅडमनी फक्त झिंक ऑक्साइडचं साधं सनस्क्रीन दिलं. आता मी जेलसारखं, तेल नसलेलं, एसपीएफ ५० चं वापरते. डबीवर 'नॉन-कॉमेडोजेनिक' म्हणजे रोमछिद्रं न बुजवणारं, असं असलेलं बरं. पण तो शब्द छापण्यासाठी ठरावीक सरकारी चाचणी नसते. म्हणून नवीन काही घेतलं की मी चार-पाच दिवस आधी जबड्याच्या कडेला लावून बघते. रात्री फेसवॉशने नीट धुऊन काढते. आणि स्कार्फ आहेच.

पण त्याहीआधी डबी उलटी करून पाहते. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी असावी लागते. परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. माझ्या डबीवर यातलं काहीच नव्हतं. पाच महिने रोज हातात धरत होते, एकदाही मागे पाहिलं नाही.

ताईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "मीसुद्धा होलसेलवाल्याकडून आणते, आत काय आहे ते मला काय माहीत?" खरं असेलही. पण मग पिंपल्स जातील हे छातीठोकपणे कशाच्या जोरावर सांगितलं? मॅडमनी डबी फेकू नको म्हणून सांगितलं होतं. ती आणि फोनवरच्या पेमेंटचा पुरावा घेऊन मी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंद केली आहे. उत्तराची वाट पाहतेय.

मावसबहिणीला लगेच डॉक्टरांकडे पाठवलं. तिने महिनाभरच लावलं होतं, ती लवकर सावरली. पण तिने हॉस्टेलमधल्या दोघींना त्याच पार्लरवरून डब्या मागवून दिल्या होत्या. दोघींनाही मी फोन केला. एकीने त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली. दुसरीला सगळं सांगितलं, मामाकडच्या लग्नातले माझ्या चेहऱ्याचे फोटोही पाठवले. ती म्हणाली, "पण ताई, माझा चेहरा तर आत्ता कुठे छान दिसायला लागलाय."