अपस्मार असलेल्या मुलीसाठी सहाय्यक कुत्री : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला लहानपणापासून अपस्मार आहे. औषधे वेळेवर घेऊनही तिला अधूनमधून झटके येतात आणि त्यांतले बरेचसे पहाटेच्या झोपेत येत असल्यामुळे गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या घरी रात्री कोणालाच निर्धास्त झोप लागत नसे. म्हणून आम्ही प्रशिक्षण दिलेली लॅब्राडोर कुत्री आणली.

शोध घेताना सर्वाधिक वेळ गेला तो दावे पारखण्यात. झटका येण्याआधी कुत्रा इशारा देईल, अशी छातीठोक हमी देणारे विक्रेते भेटले. अशी हमी कोणालाही देता येत नाही. झटक्याच्या सुमारास शरीराला येणारा विशिष्ट वास प्रशिक्षित कुत्रे ओळखू शकतात, असे २०१९ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले खरे. पण त्या प्रयोगात कुत्रे अवघे पाच होते आणि झटक्यापूर्वीच्या वासाचा प्रश्न त्यातून सुटला नाही. काही कुत्रे सहवासातून आपोआप पूर्वसूचना देऊ लागतात, मात्र ते शिकवून येईलच असे नाही. शिकवता येते ते झटका सुरू झाल्यानंतरचे काम, आणि आम्ही पैसे मोजले ते त्यासाठीच.

प्रशिक्षकाला आम्ही मुलीच्या झटक्यांचे मोबाइलवरील चित्रीकरण दाखवले. मग तिचा भाऊ चटईवर पडून तसेच हातपाय ताठ करून झटके देत असे आणि कुत्रीने भिंतीवर तिच्या नाकाच्या उंचीवर बसवलेले बिनतारी घंटीचे मोठे बटण दाबले, की लगेच खाऊ मिळत असे. आता खरा झटका आला की ती बटण दाबते आणि आम्ही पोहोचेपर्यंत मुलीला चिकटून पडून राहते. पावसाळ्यात वीज गेली की घंटी वाजत नाही, हे लक्षात घेऊन प्रशिक्षकाने तिला सलग भुंकायलाही शिकवले. ही त्यांची दूरदृष्टी आम्हाला फार उपयोगी पडली.

पुढचे काम अर्थातच माणसांचे असते. मुलीला कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, घड्याळ लावायचे आणि झटका पाच मिनिटांपलीकडे गेला तर १०८ ला फोन करायचा. कुत्रीमुळे झटके कमी झालेले नाहीत, डॉक्टरांनी तशी आशाही दाखवली नव्हती. फरक पडला तो मदत पोहोचण्याच्या वेळेत. मुलगी आता खोलीचे दार लोटून झोपते आणि एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मला हा खर्च सार्थ वाटतो.

उणिवाही सांगायला हव्यात. कुत्री गाढ झोपेत असताना आलेला एक सौम्य झटका तिच्या लक्षात आला नाही, त्यामुळे केवळ तिच्या भरवशावर मुलीला घरी एकटे ठेवायला मी तयार नाही. गोव्यात रस्त्यावरचे कुत्रे सगळीकडे आहेत. ते अंगावर आले की तिचे लक्ष मुलीवरून उडते, आणि बाहेरच्या कामासाठी ती अजून पुरेशी तयार नाही. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या डांबरावर तिला चालवता येत नाही. पावसाळ्यात गोचीड रोज हाताने चाचपून पाहावे लागतात, कारण गोचीडतापाने कुत्री आजारी पडली, तर घराची रात्रीची व्यवस्थाच कोलमडते. सराव सुटला की शिकवलेले हळूहळू विसरले जाते, म्हणून भाऊ आजही दर आठवड्याला चटईवर पडून झटक्याचा अभिनय करतो. कॉलेजला सोबत नेण्याचा विचार आम्ही तूर्त बाजूला ठेवला आहे. आधी फोंड्याच्या बाजारातल्या गर्दीत ती मुलीपाशी स्थिर राहते का, ते प्रशिक्षकासोबत पाहणार आहोत.